दुरुस्तीहून आलेल्या गाडीचं आयडल बिघडलं तर : तपास कुठून सुरू करायचा

टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, ऑइल पाझरत होतं म्हणून मी गाडी गॅरेजला दिली. पॅकिंग बदललं, प्लग बदलले, आणि ‘उघडलंच आहे तर’ म्हणून थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार) साफ करून दिली. दोन दिवसांनी गाडी घेऊन निघालो आणि नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबलो, तर आरपीएमचा काटा पंधराशेवर. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, गिअर न्यूट्रलला, तरी इंजिन ओरडतंय. ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन ज्या वेगानं फिरतं ते आयडल, आणि तेच बिघडलं होतं. एसी लावला तर काटा धाडकन पाचशेवर आला, सगळी गाडी थरथरली, आता बंद पडणार असं वाटलं आणि पुन्हा वर गेला. मुंबई नाक्यापर्यंत हाच खेळ.

पुढचे तीन आठवडे मी तीन गॅरेजांत गेलो. एकानं थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली, दुसऱ्यानं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेल्याचं निदान केलं. शेवटी निघालं काय, तर वीतभर रबरी पाइप तळाच्या वळणावर चिरलेला, आणि थ्रॉटल साफ केल्यानंतर करायची लर्निंगची पायरी (ईसीयूला आयडल नव्यानं शिकवणं) कुणी केलीच नव्हती. त्या तीन आठवड्यांत जे शिकलो ते इथे क्रमानं लिहितोय, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर नव्या पार्टचे पैसे भरण्याआधी तुम्हाला कुठे बघायचं ते कळेल.

हे सगळं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनाचं आयडल वेगळ्या तऱ्हेनं सांभाळलं जातं, त्याला यातलं फारसं लागू होत नाही.

१. आधी कागद आणि थोडी हत्यारं

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे जॉब कार्ड. बिलावर ‘सर्व्हिसिंग व पॅकिंग’ एवढंच लिहून येतं, त्यावरून काही कळत नाही. काय उघडलं, काय बदललं, काय फक्त बाजूला काढून परत बसवलं, हे तिन्ही तुम्हाला हवं. मी फोन करून विचारलं, “भाऊ, टॅपेट कव्हर काढताना कोणते पाइप आणि कोणते सॉकेट काढले होते? बॅटरीची वायर काढली होती का?” भांडणाचा सूर नसेल तर बहुतेक मेकॅनिक नीट सांगतात. आणि हो, बदललेले जुने पार्ट मागून घ्या. जुने प्लग बघून जाणत्या माणसाला दुरुस्तीच्या आधी इंजिन कसं जळत होतं ते सांगता येतं.

सोबत गाडीचं मॅन्युअल, मागच्या एक-दोन सर्व्हिसची बिलं आणि शेवटचं पीयूसी ठेवा. पीयूसीचा उपयोग पुढे येईल.

हत्यारं फार लागत नाहीत: चांगली टॉर्च, दहा नंबरचा पाना, एक प्लायर आणि त्याच्या जबड्याला गुंडाळायला जाड फडकं, साबणाच्या पाण्याची स्प्रेची बाटली, छोटा आरसा. जमलं तर ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर घ्या. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर आकडे बघायचे. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो चालतो.

तपास मोकळ्या जागी करा. नाशिकमध्ये आता बऱ्याच सोसायट्यांचं पार्किंग बेसमेंटला आहे. तिथे इंजिन चालू ठेवून उभं राहू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, ओढणी-उपरणं-सैल बाही आवरलेली, आणि हात रेडिएटरच्या पंख्यापासून लांब. तो पंखा आपोआप कधीही फिरायला लागतो.

२. ‘गाडी बरोबर नाही’ म्हणू नका, नेमकं काय होतंय ते पकडा

गॅरेजमध्ये आपण म्हणतो, “गाडी मिसिंग मारतेय.” मेकॅनिक प्लग बघतो, ते ठीक असतात, आणि तपास तिथेच संपतो. म्हणून आधी दोन दिवस गाडीकडे नीट लक्ष द्या.

इंजिन पूर्ण तापल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्यांचं आयडल ७०० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान असतं. एसी लावल्यावर ते किंचित वर जाऊन स्थिर होतं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की १२०० ते १५००पर्यंत जातं आणि तापेल तसं हळूहळू उतरतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. त्या दिवसांत पहाटे काटा वर दिसला आणि उतरायला जास्त वेळ लागला तर तो बिघाड नाही. दुपारी, अर्धा तास गाडी चालवल्यानंतर जे दिसतं तेच खरं धरा.

मग ठरवा, तुमची तक्रार यापैकी कुठली.

काटा वर जाऊन तिथेच थांबतो. याचा अर्थ इंजिनाला जादा हवा मिळतेय, किंवा आपण अजून थंड आहोत असं ईसीयू समजतोय.

काटा वर-खाली झुलतो: हजार, पंधराशे, पुन्हा हजार. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना आरपीएम ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ईसीयू पेट्रोल तोडतो, कारण त्याला वाटतं गाडी उतारावर आहे. आरपीएम पडतो, पेट्रोल परत सुरू होतं, जादा हवेमुळे आरपीएम पुन्हा चढतो. झुलणारा काटा दिसला की पहिला संशय हवेच्या गळतीवर घ्यायचा तो यासाठी.

काटा खाली पडतो, सिग्नलला गाडी बंद होते. हवा कमी पडतेय, एखादा सिलिंडर नीट जळत नाही, किंवा लर्निंग झालेलं नाही.

काटा अगदी स्थिर आहे, पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतेय. अशा वेळी इंजिनापेक्षा त्याच्या फाउंडेशनकडे, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगकडे, आधी बघा. क्लचच्या कामात माउंटिंग सोडावं लागतं आणि ते तिरकं बसलं की इंजिनाची थरथर सरळ बॉडीत येते.

मोबाइलवर काट्याचा व्हिडिओ काढून ठेवा: थंड असताना, तापल्यावर, एसी बंद, एसी चालू. गॅरेजच्या दारात गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. तेव्हा हा व्हिडिओच तुमच्या बाजूनं बोलतो.

३. हात जिथे लागला, तिथूनच सुरुवात

या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या: दुरुस्तीच्या आधी जे नव्हतं आणि नंतर आलं, त्याचं कारण बहुतेक वेळा दुरुस्तीत हात लागलेल्या जागीच असतं. बरोबर त्याच आठवड्यात ईसीयू आपणहून बिघडला, असं क्वचितच घडतं. म्हणून जॉब कार्ड हातात धरून बोनेट उघडा.

टॅपेट कव्हरचं काम झालं असेल तर त्याच्यावरून इनटेक मॅनिफोल्डकडे (थ्रॉटलमधून आलेली हवा सिलिंडरांना वाटणारा भाग) जाणारा पीसीव्हीचा पाइप शोधा. इंजिनातली वाफ पुन्हा जळायला पाठवण्याचं काम त्याचं. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून हे रबर कडक झालेलं असतं. कव्हर काढताना ते पिळलं की वळणाच्या आतल्या बाजूला चीर जाते, आणि ती वरून दिसत नाही. माझ्या गाडीत तीन जणांनी वरून बघून पाइप ठीक असल्याचं सांगितलं होतं. चौथ्यानं खाली बोट फिरवलं आणि ते चिरेत अडकलं. डोळ्यांवर विसंबू नका. बोट फिरवा, आरसा धरा, पाइप हलका वाकवून बघा.

त्याच कामात इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे) काढावे लागतात. त्यांचे सॉकेट ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसले आहेत का, हे एकेक दाबून बघा. कॉइलच्या खोबणीत ऑइल साचलं असेल तर तेही पुसायला हवं. नवा प्लग बसवताना हातातून पडून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला बारीक तडा गेला असेल, तरीही एक सिलिंडर अर्धवट जळतो.

थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा काळा जाड पाइप दोन्ही टोकांना क्लॅम्पनं घट्ट आहे का, त्याच्या घड्या फाटल्या आहेत का, थ्रॉटलखालचं पॅकिंग जागेवर आहे का, हे बघा. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सगळ्या लागलेल्या असाव्यात. लर्निंगचा प्रश्न वेगळा आहे, तो सहाव्या पायरीत येईल.

कूलंट किंवा रेडिएटरचं काम असेल तर हवा अडकलेली असू शकते. तापमान सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा राहिला की तो चुकीचं तापमान सांगतो आणि ईसीयू आयडल वर ठेवतो. इंजिन तापलेलं असताना हीटर लावून बघा. कधी गरम, कधी गार हवा आली तर कूलंटमध्ये हवा आहे असं समजा. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलली असेल आणि गाडी आयडलला खडखडत असेल, वर ओढही कमी वाटत असेल, तर टायमिंग एखादा दात चुकलेलं असू शकतं. ही शंका आली की गाडी चालवणं थांबवा. कित्येक इंजिनांत टायमिंग फार चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टो करून न्या, आणि खुणा जुळवून दाखवायला सांगा.

क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर इंजिनाची अर्थिंगची पट्टी आणि बॅटरीची टर्मिनलं बघा. पट्टी सैल असली तर सेन्सरांचे आकडे भरकटतात आणि बिघाड रोज नवं रूप घेतो.

४. एअर घेतेय का?

मेकॅनिक लोक ज्याला ‘गाडी एअर घेते’ म्हणतात, त्याचा अर्थ असा. इंजिनात जाणारी हवा थ्रॉटलच्या दारातूनच गेली पाहिजे. थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्डच्या बाजूला, कुठेही भोक पडलं तर तिथून चोरवाटेनं हवा आत शिरते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते, म्हणून बिघाड आयडललाच दिसतो आणि गंगापूर रोडला गाडी साठवर पळवली की गायब होतो. “चालताना तर मस्त चालते,” हे ऐकून कुणी तक्रार झटकली तर त्याला हे सांगा.

तपासायच्या चार पद्धती आहेत, सोप्यापासून लिहितो.

कान. रात्री गल्ली शांत असताना इंजिन चालू करा आणि कानाजवळ पाऊण मीटरचा रबरी पाइप धरून दुसरं टोक मॅनिफोल्डभोवती फिरवा. शिट्टी किंवा ‘स्स्स’ असा आवाज जिथे वाढेल तिथे थांबा.

पाइप दाबणं. मला यानंच उत्तर मिळालं. प्लायरला फडकं गुंडाळा, मॅनिफोल्डला जोडलेला एकेक रबरी पाइप मॅनिफोल्डच्या जवळ हलकेच चिमटीत धरा आणि काटा बघा. दाबताक्षणी आरपीएम खाली येऊन स्थिर झाला तर गळती चिमटीच्या पुढे, म्हणजे त्या पाइपमध्ये किंवा त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तीन पाइप हमखास बघायचे: पीसीव्हीचा, ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) आणि कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) पर्ज व्हॉल्व्हचा. कडक झालेला पाइप फार दाबू नका, नाहीतर चांगला होता तोही चिरेल.

ब्रेक बूस्टरसाठी वेगळी परीक्षाही आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल टणक होईल. पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला ओढ मिळतेय. गेलंच नाही, तर आयडलची चिंता बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक दाखवा.

पर्ज व्हॉल्व्ह इंजिन बंद असताना बंद असायला हवा. पाइप काढून फुंकल्यावर हवा आरपार गेली तर तो उघडाच अडकला आहे.

साबणाचं पाणी. पॅकिंगच्या सांध्यावर, पाइपच्या टोकांवर थोडं थोडं मारा. ओढ असेल तिथे फेस आत खेचला जातो, कधी आरपीएम क्षणभर बदलतो. सॉकेट आणि कॉइलवर मारू नका. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर वापरतात. तो गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडला तर पेट घेतो. नवख्या माणसानं तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

शेवटची पद्धत धुराची. मशीननं मॅनिफोल्डमध्ये धूर सोडतात आणि तो बाहेर पडतो तिथे भोक. सगळ्या गॅरेजांत हे मशीन नसतं, पण बाकीच्या पद्धतींनी काही सापडलं नाही तर फोन करून ते असलेलं गॅरेज शोधा. अंदाजानं पार्ट बदलत बसण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडतं.

चिरलेल्या पाइपवर चिकटपट्टी किंवा एम-सील लावून काम भागवू नका. ऑइलची वाफ आणि उष्णता यांत ते आठवडाभरही टिकत नाही. मापानं कापलेला साधा पाइपही नको. तो वळणावर ओढीनं आत चेपतो. त्याच गाडीचा, त्याच वळणाचा पाइप घ्या.

५. स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

पहिली चूक इथेच होते. मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड दिसतो, तो लगेच पुसतो आणि म्हणतो, “आता बघा चालवून.” पुसण्याआधी कोडचा आणि त्यासोबत नोंदलेल्या आकड्यांचा फोटो घ्या. कोड पुसला की ईसीयूनं बिघाडाच्या क्षणी लिहून ठेवलेली सगळी माहिती जाते.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. पी ०३०० ते पी ०३०४ म्हणजे मिसिंग, सिलिंडर नीट जळत नाही; शेवटचा आकडा सिलिंडरचा, आणि तो शून्य असेल तर मिसिंग एका ठरावीक सिलिंडरचं नाही. पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ नाही, अर्थात टायमिंगची शंका. कोड पार्टचं नाव सांगत नाही, हे मनात पक्कं ठेवा. पी ०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

कोड नसला तरी जिवंत आकडे बघा. आधी तापमान: अर्धा तास चालवल्यावर कूलंट साधारण ८५ ते ९५ अंशांवर असावं. ते साठ-पासष्टवरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय आणि ईसीयू थंड इंजिन समजून आयडल वर ठेवतोय. व्होल्टेज चालू इंजिनावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान.

मग मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब. इथे आपलं नाशिक मध्ये येतं. इंजिन बंद, फक्त चावी ऑन, अशा वेळी हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे ९४च्या आसपास दिसणार. मुंबईच्या माणसानं लिहिलेली माहिती वाचून मी सेन्सर खराब म्हणून धरला होता. तसं नव्हतं, इथली हवाच तेवढी विरळ. इंजिन तापून आयडलला असताना हा आकडा साधारण ३० ते ४० दरम्यान असावा. माझ्या गाडीत तो ४६ होता आणि नवा पाइप बसल्यावर ३४ झाला. गॅरेजमध्ये जुन्या पद्धतीचं काट्याचं व्हॅक्यूम गेज असेल तर त्यालाही हाच हिशेब: समुद्राकाठी १७ ते २१ इंच चांगलं मानतात, आपल्याकडे त्यातून दोन इंच वजा करायचे.

फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघणाऱ्यांसाठी एक इशारा. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत गळती असेल तर ट्रिम आयडलला खूप अधिक दिसतो आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येतो. उलट, आरपीएम वाढेल तसा ट्रिम चढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एमएएफ मळलाय. पण आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांत एमएएफ नसतो, मॅप असतो. मॅपला चोरवाटेनं आलेली हवाही कळते, ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो, ट्रिम नॉर्मल राहतो आणि आयडल मात्र चढतं. म्हणून छोट्या गाडीत ‘ट्रिम बरोबर आहे, म्हणजे एअर घेत नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. दुसऱ्या गॅरेजमध्ये माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

६. लर्निंग: सगळं नीट असूनही काटा वर

नवा पाइप बसवला, झुलणं थांबलं, तरी काटा अकराशेवर. मला वाटलं अजून एक भोक आहे. तसं नव्हतं.

थ्रॉटलच्या दारावर वर्षभरात काजळी साचते, हवा कमी जाते, म्हणून ईसीयू दार थोडं थोडं जास्त उघडायला शिकतो. एके दिवशी आपण काजळी काढतो. दार स्वच्छ, पण ईसीयू अजून जुन्याच सवयीनं तेवढं उघडतो. हवा जास्त जाते, आयडल चढतं. बॅटरी काढली असेल तर उलटं: शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि सुरुवातीला आयडल अडखळतं. दोन्हींत बिघाड काहीच नसतो. ईसीयूला नव्यानं शिकवावं लागतं.

पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. काही गाड्यांत ती फक्त स्कॅनरनं होते, तेव्हा गॅरेजला स्पष्ट शब्दांत “थ्रॉटल लर्निंग करा” असं सांगा. ज्या गाड्या आपणहून शिकतात त्यांच्यात साधारण असं चालतं. एसी, लाइट, पंखा, म्युझिक सगळं बंद. चावी ऑन करून इंजिन सुरू न करता थोडं थांबा, बंद करा, पुन्हा थोडं थांबा. मग इंजिन सुरू करा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत चालू राहू द्या. त्यानंतर एसी लावून आणखी पाच-दहा मिनिटं. मग शहरात साधी फेरी. माझ्या गाडीचा काटा त्याच संध्याकाळी साडेआठशेवर आला आणि दुसऱ्या दिवशी स्थिरावला.

गळती असताना लर्निंग करू नका. चुकीच्या हवेवरच ईसीयू धडा गिरवतो आणि पाइप बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

केबलच्या थ्रॉटलला दाराचा एक स्टॉप स्क्रू असतो. तो कारखान्यात बसवून, बऱ्याचदा रंगाचा ठिपका लावून देतात. “आयडल सेट करून देतो” म्हणत कुणी त्याला स्क्रूड्रायव्हर लावला तर नम्रपणे थांबवा. आकडा त्या क्षणी बरोबर येतो, मूळ बिघाड झाकला जातो आणि पुढच्या माणसाला तपासाचा धागाच मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी ऑन असताना त्याचं दार बोटानं ढकलू नका. आतले गिअर तुटू शकतात, आणि मोटर हलली तर बोटही चेंगरतं.

७. सीएनजी असेल तर

तापल्यावर आयडल आधी पेट्रोलवर बघा, मग गॅसवर. दोन्हीवर तीच तक्रार असेल तर ती इंजिनाची, म्हणजे वरच्याच पायऱ्या. फक्त गॅसवर असेल तर बघायचं ते गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचे इंजेक्टर आणि किटची सेटिंग. गॅसला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे प्लग थोडे जरी खराब असले तरी गॅसवर आधी कळतं. किटसाठी मॅनिफोल्डला जोडलेला एक बारीक पाइप असतो, दुरुस्तीत तो हमखास निघतो. तोही दाबून बघा. गॅसची जोडणी मात्र स्वतः सोडू नका, कुठलीही.

८. एकच सिलिंडर मंद असेल तर

आयडलला ‘धड्-धड्-फट्’ अशी ठेक्यात लंगड ऐकू येत असेल तर इंजेक्टरचा सॉकेट एकेक करून काढायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला की आरपीएम पडतो. ज्याचा काढून काही फरक पडत नाही तोच आजारी. हे मेकॅनिकसमोर करा. प्लगवरून कॉइल किंवा वायर उपसून बघण्याची जुनी पद्धत आता नको, झटका जोरात बसतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं. त्याच कारणानं इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नका.

मग त्या सिलिंडरचा कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. लंगड कॉइलसोबत गेली तर कॉइल गेलाय. तिथेच राहिली तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एक पैसा न घालता एवढं कळतं.

९. पीयूसीच्या आकड्यांचा उपयोग

पीयूसी म्हणजे फक्त स्टिकर नाही. त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन) असे दोन आकडे छापलेले असतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलला सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम आहे. दुरुस्तीआधीचं पीयूसी आणि आत्ताचं शेजारी ठेवा. सीओ वाढला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. एचसी एकट्यानंच उसळला असेल तर काहीतरी न जळता बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. मात्र गाडी पूर्ण तापवून न्या आणि नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घातली आहे ना, हे उभं राहून बघा.

१०. गॅरेजशी बोलताना

ज्यानं काम केलं त्याच्याकडेच आधी जा. मध्येच दुसऱ्यानं हात लावला की जबाबदारी कुणाची हे ठरवणं अवघड होतं. मी हीच चूक केली, दुसऱ्या गॅरेजमधून परत आल्यावर पहिला म्हणाला, “सर, मधे कुणी काय खोललं, मला कसं कळणार?” त्याचंही बरोबर होतं.

सोबत व्हिडिओ, आकड्यांचे फोटो आणि जॉब कार्ड न्या. “थ्रॉटल खराब केलंत” असं म्हणण्याऐवजी “टॅपेट कव्हरच्या कामानंतर तापलेल्या इंजिनावर काटा १५०० येतोय, पीसीव्हीचा पाइप दाबला की ९००वर येतो” असं सांगा. एवढं नेमकं ऐकलं की चांगला मेकॅनिक लगेच बोनेटकडे वळतो. मोठा पार्ट सुचवला तर दोन प्रश्न विचारा: हा खराब आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरलं, आणि बदलून फरक नाही पडला तर परत घेणार का. उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल.

समजुतीनं सुटलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पक्कं बिल नसेल तर दोन्हीकडे अडचण येते, म्हणून जीएसटीचे चार पैसे वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम करू नका.

११. बरी झाली, हे कसं ठरवायचं

गॅरेजच्या दारात काटा बरोबर आला म्हणून पैसे देऊन निघू नका, एक फेरी मारा. माझी फेरी अशी होती. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली, काटा तेराशेवरून दहा मिनिटांत उतरला. त्र्यंबक रोडनं सातपूरपर्यंत गेलो, मायको सर्कलच्या सिग्नलला एसी लावून थांबलो, हेडलाइट चालू केले, स्टिअरिंग जागच्या जागी दोन्ही बाजूंना फिरवलं. काटा प्रत्येक वेळी क्षणभर हलला आणि साडेआठशे-नऊशेवर परत आला. परत येऊन गाडी पंधरा मिनिटं बंद ठेवली आणि पुन्हा सुरू केली, कारण गरम इंजिन दुसऱ्यांदा सुरू होतानाच कित्येक बिघाड परत डोकं काढतात. हीच फेरी तीन दिवस मारली, तिसऱ्या संध्याकाळी स्कॅनर लावून एकही कोड साठलेला नाही हे बघितलं, मॅपचा आकडा जॉब कार्डच्या मागे तारखेसह लिहिला आणि ते कार्ड डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिलं. पुढच्या सर्व्हिसला पहिली तुलना त्याच आकड्याशी होईल.